मशीन पडलं तेव्हा रिक्वेस्ट कोणाच्या ताब्यात होती?

शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट लावून घरी जावं आणि सोमवारी साडेनऊला बाणेरच्या लॅबमध्ये येऊन बघावं, तर सर्व्हरच्या स्क्रीनवर नुसता लॉगिन प्रॉम्प्ट. मशीन मधेच कधीतरी पडलं, आपलं आपण उठलं आणि आता साळसूदपणे नाव विचारतंय. स्टोरेज ड्रायव्हरवर, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्याला हा अनुभव वर्षातून दोन-चारदा येतोच. टीममध्ये नवीन माणूस आलं की मशीन का पडलं ते कसं शोधायचं, हे सगळं मी त्याला तोंडी सांगते. आता सांगून सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून काढतेय. सगळं लिनक्सपुरतं आहे, ड्रायव्हर कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) असो वा कंपनीचा स्वतःचा.

पहिली गोष्ट डंपची, म्हणजे मशीन पडलं त्या क्षणीच्या मेमरीच्या नकलेची. डंप नसेल तर पुढच्या सगळ्या चर्चा म्हणजे चहाच्या टपरीवरच्या गप्पा.

हा डंप घेणाऱ्या केडंपचं काम असं चालतं: बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला काढून ठेवतात, आणि कर्नल पडला की त्या राखीव जागेत दुसरा छोटा कर्नल उठतो. पहिल्याची मेमरी जशीच्या तशी शाबूत असते. दुसरा कर्नल ती वाचतो, रिकामी आणि कॅशची पानं गाळतो आणि उरलेलं व्हीएमकोअर नावाच्या फाइलीत लिहितो. इथपर्यंत कुणालाही माहीत असतं. गोची पुढे आहे, आणि ती खास आपल्या धंद्यातली आहे. ज्या ड्रायव्हरने मशीन पाडलं, त्याच ड्रायव्हरच्या डिस्कवर डंप लिहायचा असेल तर? दुसरा कर्नल बायोसमधून जात नाही, थेट उडी मारतो. त्यामुळे कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारं हार्डवेअर, रीसेट झालेला नसतो. जुन्या कमांड त्याच्या पोटात तशाच असतात, डीएमए (कंट्रोलरने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) चालू असतो, इंटरप्ट (सीपीयूला ‘इकडे बघ’ म्हणणारे इशारे) येत असतात. ड्रायव्हर सुरू होतानाच कंट्रोलर नीट रीसेट करत नसेल तर दुसरा कर्नलही तिथेच झोपतो. मी सुरुवातीच्या काळात सलग दोन वीकेंड असे घालवले. दोन क्रॅश, शून्य डंप. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये डंप एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) जातो, नाहीतर मदरबोर्डवरच्या साध्या साटा डिस्कवर. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच हातात पंचनाम्याचा कागद द्यायचा नाही.

राखीव मेमरी किती ठेवावी, हा दुसरा प्रश्न. ड्रायव्हर एरवी प्रत्येक सीपीयूमागे एक क्यू (कमांडची रांग) उघडत असेल आणि दुसऱ्या कर्नलमध्येही तेच करायला गेला, तर तिथली मेमरी संपते आणि डंप अर्ध्यात मरतो. ड्रायव्हरने आपण केडंप कर्नलमध्ये आहोत का ते विचारावं आणि असू तर एका क्यूवर भागवावं. कर्नलमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे.

हे सगळं बसवलं की पहिल्याच दिवशी मशीन मुद्दाम पाडा. सिसआरक्यू ट्रिगर या कर्नलला थेट हुकूम द्यायच्या फाइलीत ‘सी’ लिहिलं की कर्नल जागच्या जागी पडतो. हे टेस्टचा लोड चालू असताना करा. निवांत मशीनवर डंप सगळेच घेतात; कंट्रोलरच्या पोटात हजार कमांड असताना घेता येतो का ते बघायचं असतं.

आणखी एक सेटिंग विसरू नका: ऊप्स (कर्नलमध्ये चूक घडल्याची नोंद) झाला की लगेच पॅनिक (कर्नलने पूर्ण थांबणं). नाहीतर कर्नल त्या एका प्रोसेसला मारून लंगडत पुढे जातो. मेलेल्या प्रोसेसने धरलेलं लॉक तसंच अडकून राहतं, आणि वीस मिनिटांनी भलतीकडेच काहीतरी फुटतं. मग तुम्ही दोन दिवस त्या भलत्याच्या मागे लागता. ऊप्सच्या ओळीत चौकटी कंसात क्रमांक असतो. तो एक नसेल तर तुम्ही दुसरा किंवा तिसरा अपघात बघताय. लॉगमध्ये वर जाऊन पहिला शोधा.

ऊप्स वाचताना

आता एक खरी केस घेऊ. ड्रायव्हर आमचाच, बीएलके-एमक्यूवरचा, म्हणजे डिस्कच्या रिक्वेस्ट ड्रायव्हरकडे देणाऱ्या लिनक्सच्या ब्लॉक लेयरवरचा. त्यात प्रत्येक कमांडसाठी आम्ही स्वतःच्या स्लॅब कॅशमधून (एकाच मापाच्या मेमरीच्या तुकड्यांच्या साठ्यातून) एक कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्या कमांडची नोंद, घ्यायचो आणि टॅगच्या क्रमांकाने एका टेबलात त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवायचो. कंट्रोलरचं काम झालं की इंटरप्ट येतो, त्यात टॅग असतो, टेबलातून कॉन्टेक्स्ट काढायचा, त्यातून रिक्वेस्ट काढायची आणि ‘झालं’ म्हणून वर कळवायचं. टेस्ट साधारण चाळीस तास चालली आणि इंटरप्ट हँडलरमध्ये नल, म्हणजे शून्य, पॉइंटर.

डंप उघडायला क्रॅश नावाचंच साधन लागतं, आणि त्याला त्याच बिल्डचा डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची फाइल. ‘त्याच बिल्डचा’ म्हणजे अगदी त्याच. जवळपासचा चालत नाही. आपला मॉड्यूल (कर्नलला बाहेरून जोडलेला ड्रायव्हर) वेगळा असेल तर त्याची सिम्बॉल (फंक्शनची नावं आणि पत्ते) ‘मॉड -एस’ने स्वतः भरावी लागतात. नवीन मुलं हे विसरतात आणि मग ‘मॅम, आपल्या ड्रायव्हरच्या ओळीच दिसत नाहीत’ म्हणून येतात.

‘लॉग’ने शेवटचे मेसेज बघितले. नल डीरेफरन्स, पत्ता हेक्समध्ये ३०. शुद्ध शून्य नाही, ३०. म्हणजे कुठल्यातरी स्ट्रक्चरचा पॉइंटर शून्य होता आणि कोड त्याच्या ३० ऑफसेटवरचं फील्ड वाचायला गेला. ‘आरआयपी’च्या (पडताना चालू असलेल्या सूचनेच्या) ओळीत आमचं कम्प्लीशन फंक्शन आणि त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर. ते अंतर ‘डिस -आरएल’ला दिलं की फंक्शनच्या सुरुवातीपासून त्या जागेपर्यंतचं असेम्ब्ली, शेजारी सोर्सच्या ओळींसकट मिळतं. शेवटच्या दोन सूचना बघायच्या. पहिली आरबीएक्स या रजिस्टरमध्ये (सीपीयूच्या आतल्या खणात) असलेल्या पत्त्याच्या २८ ऑफसेटवरून काहीतरी आरएएक्समध्ये आणते. दुसरी आरएएक्सच्या ३० ऑफसेटवर वाचते आणि तिथे पडते. आरएएक्स शून्य. आरबीएक्समध्ये मात्र धडधाकट दिसणारा कर्नल पत्ता.

आता स्ट्रक्चरचे ऑफसेट बघा. क्रॅशमध्ये ‘स्ट्रक्ट -ओ’ने दिसतात. कॉन्टेक्स्टमध्ये २८वर कोण? रिक्वेस्टचा पॉइंटर. म्हणजे कॉन्टेक्स्ट आहे, पण त्याच्या आतली रिक्वेस्ट नल आहे. दहा मिनिटांत इथवर येता येतं, आणि बरेच जण इथेच थांबतात.

आमच्या टीममध्ये तेव्हा साताऱ्याचा एक हुशार मुलगा होता. तो दुपारी म्हणाला, “मॅम, नल चेक टाकला. आता पडत नाही.” खरंच पडत नव्हतं. मी त्याला म्हटलं, “पडत नाही, हे बरं की वाईट?” तो हसला. दोन दिवसांनी एफआयओ या डिस्कवर लोड टाकणाऱ्या टेस्टच्या व्हेरिफायमध्ये डेटा जुळेना. लिहिलं एक, वाचलं दुसरं. मशीन पडणं परवडलं. ग्राहकाच्या डेटाबेसमध्ये गुपचूप कचरा गेला तर नोकरी जाते. स्टोरेज ड्रायव्हरमध्ये क्रॅश हा तुमचा मित्र असतो, त्याचं तोंड नल चेकने बंद करायचं नाही.

सातबारा

माझे काका जुन्नर तालुक्यात शेती करतात. बांधावरून भांडण झालं की ते एकच वाक्य म्हणतात: “आवाज नको, उतारा काढ.” सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं. ती त्याच्या नावावर कशी आणि कधी झाली, ते फेरफाराच्या नोंदीत. भांडण सोडवायला दोन्ही कागद लागतात.

मला कर्नलचं काम काकांमुळे कळलं असं म्हटलं तर ऑफिसात हसतील, पण खरं आहे. स्टोरेज ड्रायव्हरमधल्या प्रत्येक रिक्वेस्टचा एका वेळी एकच मालक असतो. आधी ब्लॉक लेयर, मग ड्रायव्हर, मग कंट्रोलर, मग पुन्हा ड्रायव्हर, शेवटी परत ब्लॉक लेयर. मी बघितलेले बहुतेक वाईट क्रॅश म्हणजे एकाच जमिनीवर दोघांनी नांगर घातल्याच्या केसेस होत्या. म्हणून डंप समोर आला की ‘कोणती ओळ फुटली’ हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न हा: या घडीला ही वस्तू कोणाच्या नावावर होती?

सातबारा काढायचा क्रॅशमधल्या ‘केमेम’ने. आरबीएक्समधला पत्ता ‘केमेम -एस’ला दिला (स मोठा असो की लहान, इथे दोन्हीने काम होतं, मोठा जास्त सांगतो). उत्तरात कॅशचं नाव येतं, आमचंच होतं, आणि खाली ऑब्जेक्टची नोंद. इथे एक बारीकशी खूण असते जी नजरेतून सुटते: वापरात असलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता चौकटी कंसात छापतात, मोकळ्या केलेल्याचा कंसाशिवाय. आमच्या पत्त्याला कंस नव्हता. म्हणजे कॉन्टेक्स्ट केव्हाच फ्री झाला होता आणि इंटरप्ट हँडलर मेलेल्या माणसाशी बोलत होता. आत रिक्वेस्ट नल का, तेही मग उलगडलं. फ्री करण्याआधी आमचाच कोड तो पॉइंटर पुसायचा. त्या सवयीमुळे यूज-आफ्टर-फ्रीचा (फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरल्याचा) बग साध्या नल पॉइंटरचा मुखवटा लावून आला.

सातबारा झाला. फेरफार राहिला: फ्री कोणी केला, कधी?

साध्या डंपमध्ये हे नसतं. स्लब डीबग (स्लॅब कॅशवरची कर्नलची जादा तपासणी) चालू करून पुन्हा टेस्ट लावावी लागते. सगळ्या कॅशवर लावलंत तर मशीन रांगायला लागतं आणि टायमिंग बदलल्यामुळे बग येतच नाही. बूट पॅरामीटरमध्ये ‘एफझेडपीयू’ या अक्षरांनंतर स्वल्पविराम देऊन फक्त आपल्या कॅशचं नाव लिहा. ‘पी’ने फ्री झालेली मेमरी ६बी या बाइटने भरली जाते आणि ‘यू’ने प्रत्येक ऑब्जेक्टमागे शेवटचं अलोकेशन आणि शेवटचं फ्री कोणी केलं त्याची नोंद राहते. हाच आपला फेरफार. केएएसएएन (मेमरीचा प्रत्येक वापर तपासणारी कर्नलची सोय) हे याहून धारदार हत्यार आहे, पण ते वेगळा बिल्ड मागतं, शॅडोसाठी (स्वतःच्या नोंदींसाठी) एक अष्टमांश मेमरी खातं आणि वेगही मारतं. रेस (दोन वाटा एकाच वेळी धावल्याने येणारा बग) पकडायची असेल तर मी आधी स्लब डीबगच लावते. लहान, पटकन पुन्हा घडवता येणाऱ्या बगला मात्र सरळ केएएसएएन.

पुन्हा चाळीस तास थांबायची माझी तयारी नव्हती. संशय टाइमआउटवर (कमांड ठरलेल्या वेळेत झाली नाही की चालणाऱ्या कोडवर) होता, कारण दुसरा मालक घुसायची ती एकच वाट दिसत होती. सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक डिस्कच्या क्यू फोल्डरात आयओ टाइमआउटची फाइल असते, आकडा मिलिसेकंदांत. तीस हजार होता, तो शंभर केला. वर एफआयओचा लोड, मागे ड्राइव्हची रीबिल्ड. चहा घेऊन वर येईपर्यंत मशीन पडलं होतं.

या वेळी नल नव्हता. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, आणि आरएएक्समध्ये ६बी ६बी ६बी अशी रांग. इथे एक सावधगिरी: असा पत्ता एक्स८६वर मुळात वैध रूपातलाच नसतो, त्यामुळे पेज फॉल्ट होत नाही आणि सीआर२ या पेज फॉल्टचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये दिसतो तो कुठल्यातरी जुन्या फॉल्टचा शिळा पत्ता. त्याच्या मागे लागू नका. रजिस्टरमध्ये ६बीची रांग दिसली की फ्री झालेली मेमरी, आणि पत्ता ‘डेड’ या चार अक्षरांनी सुरू होत असेल तर लिस्टमधून काढून टाकलेला नोड कोणीतरी पुन्हा चालतंय, एवढं पाठच करून ठेवा.

फ्रीची नोंद उघडली. स्टॅकमध्ये केब्लॉकडीचं (ब्लॉक लेयरची मागची कामं करणाऱ्याचं) काम, त्यात बीएलके-एमक्यूचा टाइमआउट, त्यात आमचा टाइमआउट हँडलर. नोंदीत जिफीज (कर्नलच्या घड्याळाचे टिक) असतात. क्रॅशच्या वेळच्या जिफीजमधून वजा केले, ३१२ आले. त्या कर्नलमध्ये एका सेकंदाला २५० टिक, म्हणजे सव्वा सेकंद. टाइमआउट हँडलरने कॉन्टेक्स्ट मोकळा केला आणि सव्वा सेकंदाने कंट्रोलरने शांतपणे ‘तुमचं काम झालं’ म्हणून कळवलं.

कबूल करायला हवं की पहिले दोन दिवस मी फर्मवेअरच्या लोकांवर ढकलत होते. कंट्रोलर एकच कम्प्लीशन दोनदा पाठवतोय, असं माझं ठाम मत. त्यांनी त्यांचा ट्रेस दाखवला: एकदाच पाठवलेलं, फक्त उशिरा. फोन ठेवून मी गुपचूप आमचा कोड उघडला.

चूक अशी होती. टाइमआउट झाला की आमचा हँडलर अॅबॉर्ट (कमांड रद्द करायचा हुकूम) पाठवायचा आणि उत्तराची वाट न बघता रिक्वेस्ट ‘एरर’ म्हणून वर देऊन कॉन्टेक्स्ट फ्री करायचा. जमीन अजून कंट्रोलरच्या नावावर, आणि आम्ही ती विकून मोकळे. नल चेकनंतर डेटा का बिघडला, तेही इथेच. बफर वर परत गेला, दुसऱ्याने वापरायला घेतला, आणि मग कंट्रोलरने उशिरा का होईना प्रामाणिकपणे जुना रीड त्यातच ओतला. आयओएमएमयू (डिव्हाइसला परवानगीबाहेरच्या मेमरीत जाऊ न देणारं हार्डवेअर) चालू आणि स्ट्रिक्ट मोडमध्ये असता तर हा डीएमए दारातच अडला असता आणि लॉगमध्ये डीएमएआरचा फॉल्ट, डिव्हाइसच्या पत्त्यासकट, छापला गेला असता. तेव्हापासून आमची सगळी टेस्ट मशीन्स तशीच बूट होतात. वेग थोडा जातो, जाऊ दे.

दुरुस्ती

हँडलरने अॅबॉर्ट पाठवायचा आणि ब्लॉक लेयरला सांगायचं, टाइमर पुन्हा लाव. दुसऱ्यांदा टाइमआउट झाला तर कंट्रोलर रीसेट करायचा, तो थांबलाय याची त्याच्या स्टेटस रजिस्टरमधून खात्री करायची, आणि मगच अडकलेल्या रिक्वेस्ट वर द्यायच्या. कम्प्लीशन आणि टाइमआउट एकाच क्षणी आले तर? कॉन्टेक्स्टमध्ये एक स्टेट ठेवायची आणि ती अॅटॉमिक कम्पेअर-एक्सचेंजने (एकाच झटक्यात तपासून बदलणाऱ्या सूचनेने) बदलायची. जो जिंकला तो मालक, हरलेल्याने हात न लावता परत फिरायचं. फिक्स दहा-पंधरा ओळींचा झाला. कमिट मेसेज चाळीस ओळींचा, आणि मला तेच प्रमाण बरोबर वाटतं.

मशीन पडत नाही, नुसतं गोठतं, तेव्हा काय? तेव्हा हंग टास्कचं (फार वेळ अडकलेल्या टास्कवरून होणारं) पॅनिक चालू ठेवा. डिफॉल्ट १२० सेकंद. नाहीतर हाताने सिसआरक्यू द्या. डंपमध्ये ‘फोरइच यूएन बीटी’ टाकलं की अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक येतात. ढीग येतो, पण त्यातले नव्वद टक्के एकाच दारात रांगेत उभे असतात. रांगेच्या पुढे कोण आहे ते शोधायचं. एक नमुना इतक्यांदा बघितलाय की आता दुरून ओळखू येतो: आयओच्या वाटेवर ड्रायव्हरने जीएफपी कर्नल (जागा करायला डिस्कवर लिहिलं तरी चालेल, अशी खूण) देऊन मेमरी मागितली, मेमरी नव्हती, कर्नल म्हणाला थांब, आधी घाण झालेली (मेमरीत बदललेली पण डिस्कवर न गेलेली) पानं डिस्कवर लिहून जागा करतो, आणि ती पानं लिहायला त्याला लागला हाच ड्रायव्हर. सगळे एकमेकांकडे बघत उभे. तिथे जीएफपी नोआयओ वापरा, आणि कमांडपुरती मेमरी मेमपूलमधून आधीच धरून ठेवा. लॉकच्या उलटसुलट क्रमासाठी लॉकडेप आहे. तो प्रत्यक्ष डेडलॉक व्हायची वाटही बघत नाही, नुसता धोका दिसला तरी ओरडतो, म्हणून रोजच्या डेव्हलपमेंट बिल्डमध्ये तो चालूच असावा.

हार्डवेअर हाताशी नसेल, किंवा पावसात विद्यापीठ चौक तुंबलाय म्हणून तुम्ही कोथरूडला घरीच बसला असाल, तरी टाइमआउट आणि एररच्या वाटांवर बरंच काम होतं. क्यूईएमयूमध्ये आभासी मशीन उठवा, एससीएसआय डीबग किंवा नल ब्लॉक हे खोट्या डिस्कचे ड्रायव्हर लावा, फॉल्ट इंजेक्शनमधून खोटे टाइमआउट द्या. वरच्या थरातले बग तिथेच सापडतात. फक्त व्हीएमकोअर घरी ओढायच्या भानगडीत पडू नका. मोठ्या सर्व्हरचा डंप गाळूनही कित्येक जीबीचा असतो. लॅबच्या मशीनवर लॉगिन करून क्रॅश तिथेच चालवा.

फिक्स लागला की आधी शंभर मिलिसेकंदांच्या टाइमआउटवर रात्रभर, मग मूळ तीस सेकंदांवर पूर्ण वीकेंड, एफआयओ व्हेरिफाय चालू ठेवून. जुन्या बिल्डवर दर वेळी पडणारी टेस्ट नव्यावर पडत नाही हे दोन्हीकडे चालवून दाखवा, नुसतं नव्यावर नको. आणि बग बंद करताना व्हीएमकोअर, त्याचा व्हीएमलिनक्स आणि आपला मॉड्यूल, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, वर बगचा नंबर टाकून ठेवा. आमच्याकडे एनएफएस भरला की कोणीतरी ‘जुनं आहे’ म्हणून नेमका व्हीएमलिनक्स उडवतं, आणि मग सहा महिन्यांनी तसाच क्रॅश दुसऱ्या ग्राहकाकडे आला की उरलेला डंप उघडता येत नाही.